घारापुरीचा कचरा परतीच्या लाँचने यावा

महोदय,

घारापुरीला पर्यटकांसाठी आणखी सोयी हव्यात, अशी मागणी अधूनमधून होतच असते. शिवडीहून बेटापर्यंत सुमारे 8 किलोमीटरच्या रोपवेचा प्रस्तावही मध्यंतरी बराच गाजला. मी शिवडीचाच. रोपवे झाला तर गेटवेपर्यंत जाण्याची माझी तंगडतोड वाचेल. तरीही माझा त्याला विरोध आहे. (शिवडीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचा विषय वेगळा, तो इथे काढत नाही.)

बेटावर माणसं पोहोचवणं ही अडचण कधीच नव्हती. रविवारी अकराच्या सुमाराला धक्क्यावर उतरून पाहा. एकीला एक लागून लाँच उभ्या, छोट्या गाडीला रांग, आणि निळ्या ताडपत्र्यांखालून पायऱ्या चढणारा सगळा लोंढा पहिल्याच लेण्यात. त्रिमूर्तीसमोर सेल्फी काढायचे, वाटेत कैरीच्या फोडी खायच्या की परतीची घाई. पलीकडच्या अंगाला मोराबंदर आहे, टेकडीवर स्तूपाचे अवशेष आहेत, किनाऱ्याला तिवरं आहेत, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

पायऱ्यांवरची माकडं मात्र सगळ्यांना ठाऊक. एखादं पोराच्या हातातली सरबताची बाटली हिसकावतं, कठड्यावर बसून दातांनी झाकण काढतं, पितं आणि बाटली खाली झाडीत सोडून देतं. त्याला काय बोल लावणार? आपलीही बरीच मंडळी तेच करतात, फक्त झाकण हाताने काढतात.

मुंबईत फेकलेली बाटली कोणी तरी भंगारात नेतो. बेटावरून ती हलवायला पुन्हा बोटच लागते. तो भार शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांच्या ग्रामपंचायतीने का सोसावा? ही लेणी 1987 साली जागतिक वारसा यादीत गेली. त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या घरात कायमची वीज आली ती 2018 साली, समुद्राखालून केबल टाकल्यावर. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. पाहुणे दिव्याआधी आले, निदान त्यांचा कचरा तरी त्यांनी परत न्यावा.

म्हणून सुचवतो. गेटवेला लाँचमध्ये चढतानाच प्रत्येक बाटलीमागे वीस रुपये अनामत घ्यावी आणि बाटलीवर स्टिकर लावावा. परत आल्यावर रिकामी बाटली द्या, पैसे घ्या. बेटावरच्या दुकानांतल्या बाटल्यांनाही हाच नियम. 'आपले लोक ऐकत नाहीत' म्हणणाऱ्यांनी निलगिरीकडे पाहावं. तिथे 2022 पासून सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर 10 रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करतात. दारू पिणारा बाटली परत आणतो, मग पाणी पिणाऱ्याला काय झालं?

बेटावरचं मोजदादीचं काम गावातल्या बचत गटाला मोबदला देऊन द्यावं आणि ज्या बाटल्या परत येणार नाहीत त्यांची अनामत ग्रामपंचायतीच्या तिजोरीत जावी. हा हिशेब नीट बसला, की एका दिवसात किती माणसं सोडायची हेही ठरवता येईल. तो आकडा लाँच किती आहेत यावरून नको, बेटाला किती झेपतं यावरून ठरावा.

खरी गोम वेगळीच आहे. लेणी पुरातत्त्व खात्याकडे, लाँच मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीत, गाव रायगड जिल्ह्यात आणि गर्दी मुंबईची. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. सोमवारी लेणी बंद असतात. येत्या एखाद्या सोमवारी या सगळ्यांची बैठक बेटावरच ठेवावी. सरपंचांना त्यासाठी मुंबईला खेटे घालायला लावू नयेत.

आपला,
एक वाचक, शिवडी, मुंबई