माझ्या कामाला शब्द मिळवून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ज्या गोदामात मी आज डिस्पॅचचे काम पाहतो, तेथे रुजू होऊन मला गेल्या आठवड्यात दोन वर्षे पूर्ण झाली. ही नोकरी आपल्यामुळे मिळाली, असे मी आपल्याला अनेकदा म्हणालो आणि दरवेळी आपण "काम तर तुम्हालाच येत होते" असे सांगून विषय बदललात. म्हणूनच हे आभार उघडपणे लिहीत आहे. आपण नेमके काय केलेत, हे गणवेश उतरवून नव्याने काम शोधणाऱ्यांना कळावे आणि त्यांचे अर्ज ज्यांच्या टेबलावर येतात त्यांनाही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपली पहिली भेट झाली तेव्हा माझ्याजवळ सैन्याच्या पुरवठा विभागातील 19 वर्षांचा अनुभव होता आणि दोन पानी बायोडेटा होता. त्या बायोडेटात तुकड्यांची नावे, हुद्दे आणि आम्हालाच कळतील अशी संक्षिप्त रूपे भरलेली होती. एका कंपनीत तो चाळून झाल्यावर मला "प्रत्यक्ष कामाचा काही अनुभव आहे का?" असे विचारण्यात आले होते, आणि तो प्रश्न माझ्या मनाला फार लागला होता. आपण मात्र त्यातील "भांडार विभागात कर्तव्य बजावले" या एकाच ओळीवर बोट ठेवून विचारत राहिलात: भांडारात किती प्रकारच्या वस्तू होत्या, मोजणी किती दिवसांनी होई, हिशेबात फरक निघाला तर उत्तर कोण देई, मागणी आल्यापासून माल रवाना होईपर्यंत किती वेळ लागे. मी सांगत गेलो, आपण लिहीत गेलात. तिसऱ्या संध्याकाळी त्या जागी सुमारे 8,000 प्रकारच्या वस्तूंचा साठा, दर तिमाहीची प्रत्यक्ष मोजणी आणि ताफ्याच्या रवानगीचे नियोजन अशा तीन स्पष्ट ओळी उभ्या राहिल्या. त्यात एकही शब्द वाढवलेला नव्हता; माझेच काम मी पहिल्यांदा बाहेरच्या माणसाच्या भाषेत वाचत होतो.

त्याच संध्याकाळी आपण दुकानात मिळणाऱ्या एका साध्या पुड्यावरचा बारकोड माझ्यापुढे धरून अंक मोजायला लावलेत. ते 13 भरले. आमच्या भांडारातील साठा क्रमांकही 13 अंकीच असे. त्यातले पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगत, पुढचे दोन देश सांगत आणि उरलेले सात त्या नेमक्या वस्तूचे असत. बारकोडातील अंकांची मांडणी वेगळी असते आणि शेवटचा अंक तर केवळ वाचनातील चूक पकडण्यासाठी असतो, हे आपण समजावलेत. तरीही आधीच्या रात्रीपर्यंत परके वाटणारे ते जग त्यानंतर मला तितके परके राहिले नाही.

परंतु माझी सर्वांत मोठी कृतज्ञता कौतुकाबद्दल नाही, आपण मला काय येत नाही हे स्पष्ट सांगितलेत, त्याबद्दल आहे. सरावाच्या मुलाखतीत आपण विचारलेत की मागणी अनिश्चित असेल तर काय कराल, आणि मी तत्काळ म्हणालो, "जास्तीचा माल ठेवीन." आपण पेन खाली ठेवलात. "जास्तीचा म्हणजे किती, आणि त्याचे पैसे कोण भरणार?" सैन्यात एखादा सुटा भाग वेळेवर मिळाला नाही तर त्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागू शकते, म्हणून भरलेले भांडार ही आमच्या लेखी शहाणपणाची गोष्ट असते. व्यापारात मात्र पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, अडलेली जागा आणि जुना होत जाणारा साठा. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा जादा साठा, अंदाजाने ठरवायचा नसतो; मागणी किती खालीवर होते आणि पुरवठादाराचा लीड टाइम, म्हणजे मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, किती बदलतो, यावरून तो काढायचा असतो, हे आपण मला आकडे मांडून शिकवलेत. हा धडा त्या दिवशी मिळाला नसता तर मला मुलाखत कदाचित जिंकता आली असती, पण नोकरी टिकवता आली नसती.

शिफ्ट सुपरवायझरची जागा आली तेव्हा ती मला माझ्या हुद्द्याच्या मानाने लहान वाटली होती, हेही येथे कबूल करतो. आपण तेव्हा 1990–91 च्या आखाती युद्धात अमेरिकी फौजांचा पुरवठा सांभाळणारे गस पॅगोनिस यांचे उदाहरण दिलेत. 1993 मध्ये निवृत्त होऊन ते सिअर्स या अमेरिकेतील किरकोळ विक्री कंपनीत लॉजिस्टिक्सचे, म्हणजे मालाच्या साठवणीचे आणि वाहतुकीचे, प्रमुख झाले. मी म्हणालो, ते लेफ्टनंट जनरल होते, मी भांडारातला माणूस. त्यावर आपण शांतपणे उत्तर दिलेत की वरच्या जागेवरून आत येण्याचे दार फार थोड्यांसाठी उघडते, पण लोडिंग बेवर, म्हणजे गाड्यांत माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी, सहा महिने उभा राहिलेला माणूस या धंद्यात कोठेही जाऊ शकतो. मी ती जागा स्वीकारली.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस आपण स्वतःहून केलेला फोनही मला आठवतो. एका वाहतूकदाराचा ट्रक चार तास बेवर अडकला होता, मी ड्रायव्हरवर हुकूम सोडला होता आणि तो माल न घेताच निघून गेला होता. आपण मला दोष दिला नाहीत. येथे हुकूम चालत नाही, वेळ ठरवून द्यावी लागते आणि दिलेली वेळ आपल्यालाही पाळावी लागते, एवढेच सांगितलेत. दुसऱ्या दिवशी मी त्या ड्रायव्हरला फोन करून क्षमा मागितली आणि त्या आठवड्यापासून प्रत्येक गाडीला बेची वेळ आधी कळवण्याची पद्धत सुरू केली.

आता थोडे कामाचे. येत्या महिन्यात आमच्याकडे दोन माजी सैनिक मुलाखतीला येत आहेत. आपण मला बसवले होते तसेच मी त्यांना समोर बसवून त्यांचे बायोडेटा ओळीओळीने पुन्हा लिहून घेतले. त्यांतील एकाने 11 वर्षे डोंगराळ रस्त्यांवर ताफ्यातील सर्वांत मागची गाडी चालवली आहे, म्हणजे वाटेत बंद पडलेले प्रत्येक वाहन आणि त्यातील माल मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी त्यांचीच होती. हे काम नोकरीच्या भाषेत कसे लिहावे, येथे मी अडलो आहे. आपल्याला सवड असेल त्या संध्याकाळी आम्ही दोघे येऊ का?

आपला कृतज्ञ,
एक माजी सैनिक