समुद्राकाठच्या किल्ल्यावरून

न्यूकॅसल, इंग्लंड, रविवार

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. आई, थंडीचं तू सारखं विचारतेस, पण दोन स्वेटर आणि वरून कोट असतो. जेवणही वेळेवर करते. फोटोत वाळलेली दिसले ती वाऱ्यामुळे.

परवा सुटीत क्रॅस्टर गावाहून डन्स्टनबराचा किल्ला पाहून आले. एकटी नव्हते, हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या दोघी सोबत होत्या. वाट चक्क लोकांच्या वावरातून जाते. बाबा, तुम्हाला पटणार नाही, पण इथं वावर एकाचं असलं तरी त्यातल्या ठरलेल्या पायवाटेनं जायचा हक्क सगळ्यांना, कायद्यानंच. मालक हटकत नाही. फक्त फाटक उघडलं की मागं लावायचं, कारण आत मेंढ्या चरतात. पुढचा माणूस मागच्यासाठी फाटक धरतो आणि शेवटचा कडी घालतो. कडी नीट बसली का, हे मी परत जाऊन पाहून आले. तारेला लोकर अडकली होती, थेट बोंडातून लोंबणाऱ्या कापसासारखी.

हा किल्ला १३१३ साली थॉमस नावाच्या सरदारानं बांधायला घेतला. राजाचा चुलतभाऊ, पण दोघांत उभं वैर. आता जास्त करून दरवाजाचे दोन गोल बुरूज आणि थोडा तट उरलाय. वरच्या मजल्यांच्या खिडक्या आहेत, मजले नाहीत. पण तेव्हाचं डोळ्यासमोर आणा : एकीकडे समुद्र, खाली आपल्या सातपुड्यासारखा काळा कडा आणि जमिनीकडून माणसांनी केलेली तीन तळी. लांबून बेटच वाटत असेल, बुरूज पाण्यात उलटे दिसत असतील. तळ्यांच्या जागी आता ओलं गवत आहे. तुम्ही मला खांद्यावर घेऊन नरनाळ्याचा महाकाली दरवाजा दाखवला होता, तो फार आठवला.

थॉमसचं तिथं राहणं झालंच नाही. १३२२ मध्ये बंडात हरला, उत्तरेकडे येताना वाटेतच धरला गेला आणि त्याचं डोकं उडवलं. मला वाईट वाटलं.

दादाच्या खात्यात साठ हजार टाकले. आधी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करा, माझ्या वरच्या खोलीचा स्लॅब नंतर. त्या दिवशी मी जवळ नसणार, हे मनातून जात नाही. थेंब वेळेवर घाला, डोळ्याला पाणी लागू देऊ नका आणि लगेच वावरात जाऊ नका. अचलपूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो, पण एवढ्यात होकार कळवू नका. दिवाळीला येते म्हटलं होतं, ते यंदा जमत नाही. आजीला तुम्हीच सांगा, फोनवर माझ्यानं होणार नाही.

तुमची,
लहानी