टाकी आधी, मँटिस श्रिम्प नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या ओहोटीच्या दिवशी हाजी अली, बँडस्टँड, कार्टर रोडच्या खडपांवर शिंपल्या वेचणाऱ्यांच्या जोडीला हल्ली प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन हिंडणारी मंडळीही दिसतात. त्यांना मँटिस श्रिम्प हा ठोसा मारून शिकार करणारा समुद्री जीव हवा असतो. मोबाइलवर त्याचा ठोसा पाहिलेला असतो, बाटलीत समुद्राचे पाणी भरलेले असते आणि टाकी घरी जाऊन घ्यायची असते. या क्रमाने आणलेला प्राणी सहसा आठवडाही काढत नाही. पाळूच नका, असे आम्ही म्हणणार नाही. नीट ठेवला तर तो काही वर्षे जगतो. म्हणून चुकते कुठे ते लिहितो.

आधी ओळख. ही कोळंबी नव्हे, स्टोमॅटोपॉड या वेगळ्याच गटातला प्राणी आहे. खंडोबाच्या किड्यासारखे पुढचे पाय दुमडून बसतो, म्हणून मँटिस. त्याचे दोन प्रकार. दुमडलेल्या पायाचा कोपरा गाठीसारखा फुगलेला असेल तर तो ठोसेवाला: खडकाच्या फटीत राहतो, शंख-खेकडे फोडून खातो. पायाला कंगव्यासारखे काटे असतील तर तो भालेवाला: वाळूत-चिखलात बीळ करतो, मासे-कोळंबी भोसकतो. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर ट्रॉलच्या मालात ढिगाने येणारा स्क्विला हा दुसऱ्या प्रकारातला. तो तिथून उचलू नये. जाळ्यात चेंगरलेला, वर बर्फात पडलेला. पाय हलवत असला तरी दोन-तीन दिवसांत जातो. शिवाय त्याला १५ सेंटिमीटर तरी खोल वाळू लागते. नवख्याने खडपातला, बोटाएवढा ठोसेवालाच घ्यावा.

हाताने धरू नका. दोन्ही प्रकार बोट फाडतात आणि समुद्राच्या पाण्यातली जखम चिघळते. पिशवीला तो भोक पाडतो, म्हणून रुंद तोंडाची जाड प्लास्टिकची बरणी घ्यावी. एका बरणीत एकच, दोन ठेवले तर घरी एकच पोहोचतो. पुढच्या छोट्या पायांत अंड्यांचा गोळा धरलेली मादी दिसली तर तिथेच सोडावी. दगड उलटलात तर पुन्हा होता तसा ठेवा, कारण खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. आणि जिवंत प्रवाळ असलेला दगड उचलणे हा गुन्हा आहे: सगळी दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईत कुठले आले प्रवाळ, असे वाटत असेल तर कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीची प्रवाळे २०२० मध्ये दुसरीकडे हलवावी लागली, हे आठवावे.

आता टाकी. बोटाएवढ्या प्राण्याला ६० × ३० × ३५ सेंटिमीटरची पुरते. वाळू-दगड वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी राहते. चौपाटीचे पाणी आणू नका, त्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. आर.ओ. पाण्यात समुद्री ॲक्वेरियमचे मीठ मिसळावे, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १.८ ते १.९ किलो, एक दिवस हवेचा पंप चालू ठेवून मगच वापरावे. घरचे मीठ चालत नाही, खडे मीठही नाही. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम हवे त्या प्रमाणात नसते आणि कवच त्यावरच बनते. घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत) १.०२४ ते १.०२६ हवी. काटा हलणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरवर भरवसा ठेवू नका. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून खारटपणा दाखवणारे उपकरण) घ्या आणि साध्या पाण्यावर शून्य लावून घ्या.

खरी चूक पुढे होते. पाणी स्वच्छ दिसले की टाकी तयार, असे धरले जाते. प्राण्याच्या विष्ठेतून, उष्ट्यातून अमोनिया सुटतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू नव्या वाळूत, नव्या स्पंजात नसतातच. समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, त्यात मुंबईचे ३० अंशांचे पाणी. गोड्या पाण्यात मासा जेवढा अमोनिया सोसतो, तेवढाच इथे जास्त विषारी ठरतो. म्हणून प्राणी नसतानाच टाकीत एक सोललेली कोळंबी टाकून कुजू द्यावी आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किटने पाहावे. अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. घरात वास येतो, आईचे बोलणे खावे लागते, पण याला पर्याय नाही. जीवाणूंच्या बाटलीने काही दिवस वाचतात, किटने तपासणे वाचत नाही.

दुसरा शत्रू उकाडा. हीटरची मुंबईत गरजच नाही, आणि काचेचा हीटर हा प्राणी फोडतोही. पाणी २५ ते २८ अंशांत ठेवावे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद घरातले पाणी ३१-३२ वर जाते, त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि प्राण्याची गरज मात्र वाढते. पृष्ठभागावर कॉम्प्युटरचा छोटा पंखा सोडला तर दोनेक अंश उतरतात. दमट हवेत कमी. बाष्पीभवनाने गेलेले पाणी रोज साध्या आर.ओ. पाण्याने भरावे, खाऱ्याने नव्हे, कारण मीठ उडून जात नाही. काचेवर टेपची खूण करून ठेवली की अंदाज लागतो. वीज गेली तर उपयोगी पडेल असा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या.

बिळाशिवाय हा प्राणी खात नाही, कात टाकत नाही, कोपऱ्यात झुरतो. दगड असे रचा की फट तयार होईल, किंवा पीव्हीसीचा पाइप द्या: आत अंग दुमडून वळता येईल एवढा रुंद, अंगाच्या दुप्पट-अडीचपट लांब, दोन्ही तोंडे उघडी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, पितळी जोड अजिबात नको; तांबे-जस्त कवचधारी जिवांना मारते. याच कारणाने माशांसाठीची तांबेयुक्त औषधे या टाकीत कधीही घालू नयेत. दगड वाळूवर नव्हे, तळावर टेकवा. तो खालची वाळू उकरतो आणि दगड त्याच्याच अंगावर बसतो. वाळूखाली ॲक्रिलिकची पट्टी असावी. मोठ्या पीकॉक जातीच्या ठोशाचा वेग अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये सेकंदाला सुमारे २३ मीटर मोजला होता. त्या वेगाने पाण्यात तयार होणारा बुडबुडा फुटतो तो दुसरा धक्का. बोटाएवढ्याकडून काच फुटण्याची भीती नाही, पण त्यापेक्षा मोठा ठेवणार असाल तर ॲक्रिलिकचीच टाकी घ्या. झाकण घट्ट हवे आणि दिवा मंद. प्रखर उजेड आणि खराब पाण्यात कवचावर काळसर चट्टे पडतात, ते सहसा बरे होत नाहीत.

घरी आणल्यावर बरणीत टाकीचे पाणी थेंबथेंब सोडावे, सेकंदाला एक-दोन थेंब, पाणी तिप्पट होईपर्यंत. मग प्राणीच टाकीत सोडावा, बरणीचे पाणी मोरीत. खाणे आठवड्यातून दोन-तीनदा: जिवंत तिसरी, लहान खेकडा, कवचासकट कोळंबी. तिसरी बाजारातून बंद तोंडाचीच घ्यायची, हे मुंबईकराला सांगायला नको. उष्टे दुसऱ्या दिवसाच्या आत काढावे, आठवड्याला पाच लिटर पाणी बदलावे.

एक दिवस तो खाणे थांबवतो आणि बिळाचे तोंड खडे-वाळूने बुजवतो. मेला असे समजून दगड हलवणारे इथेच घात करतात. तो कात टाकत असतो, आणि नवे कवच कडक व्हायला काही दिवस जातात. त्या काळात त्याला ठोसाही मारता येत नाही. दोन आठवडे हात लावू नका. बाहेर फेकलेले पोकळ कवच हुबेहूब प्रेतासारखे दिसते, डोळ्यांसकट.

कंटाळा आला तर त्याला परत बँडस्टँडला सोडू नका. दुकानातल्या जिवांच्या शेजारी राहिलेला, त्यांच्याच जाळीने हाताळलेला, गोठवलेली कोळंबी खाल्लेला प्राणी कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू समुद्रात नेऊ शकतो. दुसऱ्या पाळणाऱ्याला बरणीसकट द्या, आणि शेवटची कात कधी टाकली ती तारीख बरणीवर लिहून द्या.

आपले,
खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही वाचक, दादर, मुंबई