सुरी मोडून दाखवणाऱ्या मामांना

मामा, मामी,

नमस्कार. हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवणार आहे, तसं आमचं ठरलंय. (बाळा, सगळं वाच. तुझ्याबद्दलचं गाळू नकोस.) तुमचं लोहारकामाचं पाल पुण्यात नेमकं कुठे आहे ते मी लिहीत नाही. रस्त्याकडेला कुणी चांगलं काम करतंय हे चार जणांना कळलं, की पाचवा उठवायची गाडी घेऊन येतो.

परवा सकाळी डब्यांसाठी चार किलो दुधी चिरला. चिरून झाल्यावर लक्षात आलं की मनगट दुखलंच नाही. नऊ वर्षं डबे देते मी, रोजचे चाळीस. मनगट दुखणं हे माझ्यासाठी भाजीत मीठ असण्यासारखं झालं होतं. तुमच्याकडे शिकून केलेली सुरी धुऊन, पुसून ठेवली आणि ठरवलं की आज मामांना लिहायचंच.

स्वतःच्या हाताने सुरी का करायची, असं मला सगळ्यांनी विचारलं. घरात, शेजारी, बोहरी आळीतल्या दुकानात. तुम्ही दोघांनी विचारलं नाहीत. तुमच्याकडे यायच्या आधी मी एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेले होते. तिथला मालक खुर्चीतून न उठता म्हणाला, "ताई, ऑनलाइन मागवा की, दोन दिवसांत येते." मग साडेसहा हजार भरून एका दिवसाची कार्यशाळा केली. सकाळी तासभर जुन्या हिंदुस्थानी पोलादाची गोष्ट ऐकवली. दक्षिणेतून हे पोलाद कसं पश्चिम आशियात जायचं, 'वूट्झ' हे नाव कन्नड 'उक्कु'वरून कसं आलं वगैरे. गोष्ट खरी आहे आणि मला आवडलीही. पण नंतर हातात दिली ती आयती कापलेली पाती. आम्ही बारा जणांनी दिवसभर काय केलं, तर मुठीची लाकडं चिकटवली. पात्याला पाणी कधी द्यायचं, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कडक कधी करायचं, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "ते आम्ही बाहेरून करून आणतो." संध्याकाळी पात्यावर लेझरने माझं नाव कोरून मिळालं. आडनाव चुकलं होतं.

तीच सुरी धार लावायला मी तुमच्याकडे आणली. तुम्ही तिच्यावरून कानस फिरवलीत. कानस धरली, लोखंडाचा कीस पडला. "ताई, हिला पाणीच नाही," एवढंच म्हणालात. पोलाद नीट कडक झालं असेल तर कानस घसरते, धरत नाही, हे मला साडेसहा हजारांत कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मग मला शिकवा. तुम्ही मामींकडे पाहिलंत. मामींनी घण खाली ठेवला आणि छोटा हातोडा माझ्या हातात दिला.

पुढचे दोन महिने दर शनिवारी दुपारी काय काय झालं ते सगळं लिहीत बसत नाही. जुन्या बाजारातून जीपचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पोलादी पट्टी, वजनावर आणला, तो माझ्या हातून कधी केळ्यासारखा वाकला, कधी पापडासारखा पातळ झाला. मामी घण घालायच्या तेव्हा ऐरणीवर एक ताल असायचा. मी हातोडा घेतला की तो मोडायचा, आणि तुमचा नातू अभ्यासाच्या वहीमागे तोंड लपवून हसायचा. (वाचलंस ना?)

लिहायचंय ते तिसऱ्या पात्याबद्दल.

त्या दिवशी तुम्ही आधी तुमचं पातं तापवलंत. एका मटणवाल्याने सांगितलेली सुरी होती, सहाला न्यायला येणार होता. भट्टीवर उन्हाची तिरीप येत होती तर मामींनी गोणपाट बांधून अंधार केला, रंग दिसावा म्हणून. पातं पिकल्या टोमॅटोसारखं झालं, तुम्ही ते जळक्या ऑइलच्या डब्यात सरळ बुडवलंत, धूर झाला, बाहेर काढलंत. मग माझी पाळी. मला वाटलं जास्त तापलं तर जास्त कडक होईल. पार पिवळंधमक होईपर्यंत भाता हलवत राहिले. आणि लोहार पात्याला 'पाणी देतात' हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून तेलाचा डबा सोडून शेजारच्या बादलीत पातं घातलं. टिंग. काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतल्यावर येतो तसा आवाज. धारेपासून अर्ध्या पात्यापर्यंत केसाएवढी चीर.

मला रडू आलं. मी चाळीस डबे एकटीने करणारी बाई आहे, सहसा रडत नाही.

तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. माझं पातं व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडलंत आणि तुटलेली बाजू माझ्या डोळ्यांपुढे धरलीत. "साखर दिसते का?" दिसत होती. जाड दाणे, चमचमणारे. "जास्त तापवलं की असं दाणेदार होतं. मग बर्फीसारखं तुटतं." चांगलं कसं दिसतं, असं मी विचारलं. तुम्ही क्षणभर इकडेतिकडे पाहिलंत. आणि नुकतंच तेलातून काढलेलं, मटणवाल्याचं ते पातं उचलून व्हाइसमध्ये धरलंत, आणि एका घावात मोडलंत.

आतून ते करडं होतं. राखेसारखं, दाणा दिसेल तर शपथ.

सहा वाजता मटणवाला आला. "उद्या ये," म्हणालात तुम्ही. तो बडबड करत गेला. तुम्ही कारण सांगितलं नाहीत, माझ्याकडे बोटही दाखवलं नाहीत. ते दोन तुकडे मामींनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकले. आजही ते माझ्या ओट्यावर मसाल्याच्या डब्याशेजारी आहेत, साखर आणि राख. पैसे देऊ लागले तर तुम्ही म्हणालात, "पाट्याचे दे." माझ्या पात्याचा पाटा तर मी आणलेला, मटणवाल्याच्या पात्याचा तुमचा. त्याचे किती झाले ते अजून सांगितलेलं नाहीत.

सहावं पातं जमलं. ते कडक झाल्यावर तुम्ही तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर त्याची पाठ टेकवलीत आणि घासून चकचकीत केलेल्या अंगावर रंग सरकताना दाखवलात. फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेशी गवती पिवळा पोचला की थांबायचं. तिथे मी पहिल्यांदाच चुकले नाही, कारण तूप कढवताना बेरीकडे असंच बघावं लागतं, डोळा हलला की करपली. मामी म्हणाल्या, "ही बाई शिकली." एवढी शाबासकी मला दहावीलाही मिळाली नव्हती.

मामा, आता माझं एक ऐका. शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या घरगुती वस्तू तिथे आहेत, आणि त्यात अडकित्ते आहेत, नाना आकारांचे, पितळी, लोखंडी. मी शाळेतल्या सहलीला गेले होते तेव्हा नुसती नक्षी पाहिली. आता त्यांच्या धारेकडे आणि सांध्याकडे तुम्ही कसं बघता, ते मला बघायचंय. तिघांची तिकिटं माझ्याकडे. जेवायला माझ्या घरी या, दुधी नाही करणार. बुधवार आणि रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा, जुना बाजार बुडवायला लावला तर मामी मला घण घालतील.

तुमची,
डबेवाली ताई