दादा, आईच्या ऑपरेशनचे पैसे मलाही देऊ दे

अल्बुकर्की, न्यू मेक्सिको

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल वहिनीशी बोलले. नागपूरजवळच्या बुटीबोरीची ड्युटी करून आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी तू शनिवार-रविवारीही कुणाच्या दुकानाचे हिशेब लिहायला जातोस, हे तिच्याकडून कळलं. मला मात्र फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणतोस आणि 'ब्रेकिंग बॅड' मालिकेचं काढतोस. 62 भाग संपवलेस आणि वर म्हणालास, "माणूस बिघडला खरा, पण घरासाठीच ना!" ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

ती मालिका याच गावातली, चित्रीकरणही इथलंच. म्हणून मीही ती जरा जास्तच मन लावून पाहिली. तू पहिल्या सीझनचा पाचवा भाग पुन्हा बघ. वॉल्टर व्हाइटला कॅन्सर झालाय, उपचार घ्यायचे नाहीत म्हणतो. बायको स्कायलर सगळ्यांना हॉलमध्ये बसवते आणि एक उशी फिरवते. ज्याच्या हातात उशी, त्यानेच बोलायचं. मुलगा चिडून बोलतो, मेहुणी बोलते, तिचा नवरा हँक अवघडत बोलतो. त्या घरात सगळे एकमेकांशी खरं बोलतात असा प्रसंग पुढे मला फारसा दिसला नाही.

त्याच भागात जुना मित्र एलियट त्याला नोकरी देऊ करतो, विम्यासकट. नंतर एलियटची बायको ग्रेचेन फोन करून सगळा खर्च उचलायची तयारी दाखवते. हा नाही म्हणतो आणि पुन्हा ड्रग्ज बनवायला थेट जोडीदार जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो. पुढे बायकोला सांगतो, पैसे तेच लोक देताहेत! दादा, घर वाचवायचा सरळ रस्ता समोर होता रे. पण ज्या कंपनीतला आपला हिस्सा 5,000 डॉलरला विकून बसला, तिच्याच मालकांपुढे हात कसा पसरायचा, हे त्याला सलत होतं. माझ्या मते तो इथेच घसरला. जेसीच्या मैत्रिणीला, जेनला, डोळ्यांदेखत मरू देणं, जेसीचा जीव असलेल्या लहानग्या ब्रॉकवर विषप्रयोग, हे सगळं त्यानंतरचं.

आणि पैशाचं म्हणशील तर दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला त्याने मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज, घरखर्च धरून 7 लाख 37 हजार डॉलरचा हिशेब मांडला होता. पाचव्या सीझनमध्ये स्कायलर त्याला गोदामातला नोटांचा ढीग दाखवते आणि विचारते, अजून किती हवेत? शेवटी तर पोरगाच बापाचे पैसे नको म्हणून फोनवर ओरडतो. ज्यांच्यासाठी म्हणून केलं, त्यांना काय हवंय हे विचारलंच नव्हतं. अखेरच्या भागात तो स्वतःच बायकोजवळ कबूल करतो की हे सगळं मी माझ्यासाठी केलं.

तुझी त्याच्याशी बरोबरी करत नाहीये. तू घामाचा पैसा आणतोस, बाबा गेल्यावर घर तूच ओढलंस, माझं शिक्षणही तुझ्याच पगारातून झालं. पण 'बहिणीचे पैसे घ्यायचे नसतात' हे जे तू धरून बसलायस, त्याची मला काळजी वाटते. वहिनी सांगत होती, यंदा मारबतीची मिरवणूक बघायला आई निघाली आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवरून परत फिरली. अख्खं इतवारी रस्त्यावर आणि आई खाटेवर! तुझे पैसे साठेपर्यंत तिने असंच बसायचं का? ती आई माझीही आहे.

डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचा जो खर्च लिहून दिलाय, त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठव. अर्धे पैसे माझे. ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच करायचं की थंडी ओसरल्यावर, हे आईला विचार, तिच्या मनाने ठरू दे. वहिनीलाही समोर बसव. रविवारी सकाळी तुमच्या वेळेने नऊला मी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा तू घरी हवास. त्या दुकानदाराला या आठवड्यापासून नाही म्हणून सांग.

आईला नमस्कार, पोरांना खूप पापे.

तुझी,
छोटी