उद्या घुमट चढायचाय (फ्लॉरेन्स)

मंडळी, उद्या सकाळी आठला सगळे बाप्तिस्मागृहाच्या दारापाशी. समोरच्या कॅथेड्रलवरच्या, वास्तुकार ब्रुनेलेस्कीच्या घुमटाची आपली वेळ सव्वाआठची; हुकली तर दुसरी मिळेल या भरवशावर राहू नका. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मोठ्या सॅक खोलीवरच ठेवा.

जिना घुमटाच्या आतल्या-बाहेरच्या दोन कवचांच्या मधून जातो. तिथे सेल्फी राहू द्या, विटा बघा: आडव्या थरांत मध्येच उभी वीट, माशाच्या काट्यासारखी. १४२० ते १४३६ मध्ये खालून लाकडी आधार न उभारता घुमट पेलला, त्यात या रचनेचा मोठा वाटा. बोळ अरुंद, मागे रांग. उभं राहून स्केच होणार नाही. डोळ्यांत साठवा, खाली चौकात बसून काढा. रोममध्ये निम्म्या वह्या कोऱ्याच होत्या!

बंद जागेत ज्यांना घाबरायला होतं त्यांनी आज रात्रीच कळवा.