झूम लेन्सच्या जाहिरातीतील ‘एक्स’

महोदय,

दसरा-दिवाळीच्या सुमारास कॅमेऱ्यांच्या ज्या जाहिराती येतात, त्यांत झूम लेन्स किती ‘एक्स’ची आहे हे ठळक छापलेले असते, त्या एक्सचा अर्थ मात्र कोठेही दिलेला नसतो. लेन्सचा पल्ला सांगणारा मिलिमीटरमधील आकडा म्हणजे फोकल लेंग्थ; ती लहान तितके दृश्य रुंद, मोठी तितकी दूरची वस्तू जवळ. सर्वांत मोठ्या फोकल लेंग्थला सर्वांत लहान फोकल लेंग्थने भागले की हा आकडा येतो. त्यामुळे १८-३०० मिलिमीटरची लेन्स १६ एक्सच्या वर जाते आणि ७०-३०० ची जेमतेम ४ एक्सच भरते, जरी दोन्ही लेन्स दूरची वस्तू जवळपास सारखीच जवळ आणतात.

सीताबर्डीतील एका दुकानदाराच्या आग्रहावरून मी ७०-३०० घेतली आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तीच कॅमेऱ्याला लावून मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला गेलो. इतवारीच्या गर्दीत पिवळी मारबत दहा-बारा फुटांवर आली, तेव्हा चौकटीत तिचा चेहरा तेवढा मावला, आणि मागे सरकायला तसूभरही जागा नव्हती. धक्काबुक्कीत लेन्स बदलताना धूळ सेन्सरवर (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) बसली आणि पुढच्या प्रत्येक फोटोतील आकाशात तोच एक डाग उमटू लागला. (गावाची इडापिडा नेणाऱ्या मारबतीने एक पिडा माझ्याकडे ठेवली, असे घरचे म्हणतात.)

म्हणून प्रवासासाठी व रोजच्या वापरासाठी एकच लेन्स घ्यायची असेल, तर मोठ्या आकड्याआधी लहान आकडा पाहावा, असे माझे मत आहे. तोही आपल्या सेन्सरच्या मापाने पाहावा लागतो. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४-१०५ ही उत्तम जोड आहे; पण तीच लेन्स लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर लावली की तिचे २४ हे साधारण ३६ सारखे वागते, आणि दीक्षाभूमीचा स्तूप आवारातून टिपायचा तर बरेच मागे जावे लागते. अशा कॅमेऱ्याला १८-१३५ च्या आसपासची लेन्स पुरते. वजनही साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर असल्याने ती दिवसभर गळ्यात वागवता येते.

दुसरी दडलेली गोष्ट म्हणजे ॲपर्चर, अर्थात लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र; त्याचा एफ आकडा जितका मोठा, तितके ते लहान. लांब पल्ल्याच्या अनेक झूम लेन्सचे ॲपर्चर शेवटच्या टोकाला एफ ६.३ पर्यंत आकसते, म्हणजे एफ २.८ च्या तुलनेत सुमारे एक पंचमांशच प्रकाश आत येतो. लेन्समधील स्टॅबिलायझर आपल्या हाताचा कंप सावरतो; ताडोबात पहाटेच्या अंधुक उजेडात चालत्या वाघाचे पाय तो थांबवू शकत नाही. वर्षाकाठी एखाद्या सफारीसाठी मोठी लेन्स भाड्याने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खरेदीपूर्वी आपलेच जुने फोटो संगणकावर उघडावेत, कारण प्रत्येक फोटोसोबत त्याची फोकल लेंग्थ नोंदलेली असते. मी रामटेक आणि अजिंठ्याचे फोटो तपासले, तेव्हा बहुतेक १८ ते ५० च्या दरम्यान निघाले. ३०० मिलिमीटरचे म्हणाल तर फुटाळा तलावावरचे चार-दोन बगळे.

विक्रेत्यांना विनंती एवढीच, की जाहिरातीत एक्सशेजारी दोन्ही टोकांचे ॲपर्चर आणि लेन्सचे वजन छापावे, आणि गिऱ्हाइकाला ती स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून दुकानाबाहेर दोन फोटो काढू द्यावेत.

— एक हौशी छायाचित्रकार, महाल, नागपूर